दादाने दिलेले नाव रद्द करण्याबाबत

मी, वनस्पतिसंग्रहालयाची निवृत्त प्रमुख, विद्यार्थ्यांची निवडुंगबाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे. त्यासाठी डॉक्टरांनी वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले. ते मी म्हटले, आणि त्यांच्या खिडकीतल्या रोपाच्या पाटीवरचे नाव चुकीचे आहे हेही सुनावले. माझी यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या प्रत्येकात मी दादाला माफ केले होते.

१. राहते घर भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, पुढील अटीवर. दादाने त्यात लुडबुड करू नये.

२. गच्चीवरच्या कुंड्या. जिरेनियम दादाला. ग्रीक 'गेरानोस' म्हणजे करकोचा. फळ त्याच्या चोचीसारखे असते, म्हणून हे नाव. दुसऱ्याच्या कामात चोच खुपसणाऱ्याला शोभेल. लाजाळूचे रोप वहिनीला. त्याचे शास्त्रीय नाव मिमोसा, ग्रीक 'मिमोस'वरून, म्हणजे नकला करणारा नट. माझ्या निरोप समारंभात वहिनीने कोरड्या डोळ्यांना रुमाल लावला होता. नॅस्टर्शियम शेजारणीला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नाक मुरडायला लावणारे. माझ्या खतावर ती कायम नाक मुरडत आली. आता घरबसल्या मुरडावे.

३. आता मुद्द्याचे. कड्याच्या ओल्या कपारीत वाढणारी, जांभळ्या फुलांची एक नवी वनस्पती मला सापडली. दोरीला लोंबकळून मीच ती काढली. मी तापाने अंथरुणाला खिळले असताना दादाने ती आपला शोध म्हणून शोधपत्रिकेत छापली आणि तिला आपल्या सासऱ्यांचे नाव दिले. सासरे तेव्हा आम्हा दोघांच्या संस्थेचे संचालक होते. दादा विभागप्रमुख झाला. सासरेबुवांना जिना चढतानाही धाप लागे. कडा त्यांनी फोटोतच पाहिला. मी जाब विचारला, तर दादा म्हणाला, "अगं, झाड तिथंच आहे ना? मग एवढं काय घेऊन बसलीस?"

पण घाईत तो एक घोळ करून बसला. नव्या नावासोबत वाळवलेला नमुना कुठे ठेवला आहे हे छापावे लागते. नाहीतर आमच्या नियमांनुसार ते नाव जन्मालाच येत नाही. नमुन्याच्या कागदावर शोधणारी म्हणून माझे नाव होते. ते टाळायला दादाने नमुन्याचा उल्लेखच गाळला. संचालकांचे नाव पाहून कोणी तपासण्याची हिंमत केली नाही.

तो नमुना मी भाचीला देते. तीही याच विषयातली आहे. तिने तो रीतसर छापून वनस्पतीला 'पेट्रोफिला' हे नाव द्यावे. ग्रीक 'पेत्रा' म्हणजे खडक, 'फिलोस' म्हणजे प्रेम करणारा. ज्याने तिला धरून ठेवले, त्याचे नाव तिला मिळावे. हे सांगितले तेव्हा भाची म्हणाली, "आत्या, बाबांच्या नावावर एवढं एकच काम आहे गं." मला ठाऊक आहे. तिने छापले नाही, तर घर संग्रहालयाला जावे.

४. हयातीतच हे का केले नाही, असे लोक विचारतील. दादा दारात आला असता, लहानपणीच्या लाडक्या नावाने हाक मारली असती, आणि मी विरघळले असते. नेहमी तसेच झाले. आता त्याने खुशाल यावे. दार उघडायला मी नसेन.

वरील मजकूर वाचून, एकही शब्द मवाळ न करता सही केली.

लिहून ठेवणार: (सही) निवडुंगबाई
समक्ष: (सही) दाखला देणारे डॉक्टर
(सही) संग्रहालयातील नमुने चिकटवणाऱ्या बाई
ठिकाण: माझे स्वयंपाकघर
तारीख: दादाच्या सत्काराचा दिवस