खंडोबाचा टाक शोधताना

३ मार्च, सोमवार

धातू शोधायचे यंत्र आले! खोक्यावर एक टोपीवाला गोरा माणूस आणि त्याच्या पायाशी सोन्याच्या नाण्यांचा ढीग. अवंती हसून हसून कॉटवर पडली — "आई, रिटायर झालीस म्हणून हे?" ह्यांनी खोके बघूनही न बघितल्यासारखे केले आणि पेपर उघडला. काठीला खाली ताटलीएवढी चकती, वर एक काटा. बॅटरी घातल्याबरोबर ते खिडकीच्या ग्रिलवर असे किंचाळले की शेजारच्या हंसाबेन बाहेर आल्या.

कशासाठी मागवले ते अजून कुणाला सांगितलेले नाही. इथे लिहून टाकते. चंपाषष्ठीला तळी भरली तेव्हा देव्हाऱ्यात पाच टाक होते. दुसऱ्या दिवशी चार. खंडोबाचा नाही — दोन बोटे रुंद, चांदीचा पातळ पत्रा, घोड्यावरचा देव, ह्यांच्या पणजोबांपासूनचा. आदल्याच दिवशी गोविंदभाऊजी जेवताना म्हणाले होते, "दादा, सगळे देव थोरल्याच घरी का? एखादा टाक आमच्याकडे नागरवाड्यात येऊ दे की." झाले! ह्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून सख्ख्या भावाला चोर म्हटले. तेव्हापासून बोलणे बंद. आता अवंतीचे लग्न तीस एप्रिलला, आणि पत्रिकेच्या मजकुरातून ह्यांनी काकाचे नाव खोडले आहे.

आणि मला काय वाटते? त्या दिवशी ताम्हणात फुलांचा आणि भंडाऱ्याचा नुसता चिखल झाला होता. निर्माल्य मी उचलले. विश्वामित्री नदीत टाकायचे नाही, सोनचाफ्याच्या बुंध्याशी टाकायचे, हा नियमही माझाच. संक्रांतीला तिथले खत मीच सगळ्या परसात पसरले. टाक माझ्या हातून गेला असेल तर तो ह्या मातीतच आहे. मी काढणार.

५ मार्च, बुधवार

अठ्ठावीस वर्षे वर्गात मुलांना सांगितले — आधी उपकरण तपासा, मग प्रयोग. म्हणून आज कुंडीतल्या मातीत वस्तू पुरून बघितल्या. खिळा — घर्र. पाच रुपयांचे नाणे चार बोटे खोल — स्पष्ट. वीतभर खोल — गप्प! खोक्यावर तर हातभर लिहिले आहे. माझी गळ्यातली बारीक साखळी अगदी वरच्या मातीतही नीट ऐकू येईना. यंत्र तिची कडी कडी सुटी धरते म्हणे. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी मात्र अशी वाजली की वाटले, मोहोरच!

मग ह्यांची आंघोळ चालू असताना भवानीचा टाक आणून पुरला (आई, क्षमा कर). आडवा ठेवला तर चार बोटांपर्यंत छान टिंग. उभा, कडेवर रोवला तर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे पसरताना तो कसा पडला, ह्यावर सगळे. टाक धुऊन पुसून परत ठेवला. हे पूजेला बसले आणि रोजच्यासारखे मोजले — एक, दोन, तीन, चार. मोजून झाले की एक सुस्कारा.

६ मार्च, गुरुवार

कंबर गेली. उद्या पुन्हा.

९ मार्च, रविवार

परसात दोऱ्या लावून पट्ट्या केल्या. अकरा पट्ट्या तपासून झाल्या. मिळकत: बाइंडिंग वायरचे तुकडे (घर बांधणाऱ्याने सगळा कचरा आमच्याच पायात पुरला आहे), सोड्याची बुचे, एक चमचा जो मी कामवालीने नेला म्हणून चार वर्षे मनात धरून होते. चमचा हातात घेऊन तिथेच बसले. लाज वाटली.

हंसाबेन भिंतीवरून — "संयोगिताबेन, खजानो मळ्यो के नहीं?" मी म्हटले, "मळशे, मळशे!" त्या गाठिया देऊन गेल्या. कुंपणाच्या तारेपासून हातभर जागा यंत्राला आंधळी आहे, नुसते कोकलते. तिथे हाताने खणून माती पिठाच्या जुन्या चाळणीतून चाळली. काही नाही.

१४ मार्च, धुळेटी

भाऊजी आले नाहीत. दरवर्षी पहिला रंग अवंतीला त्यांचा. ती गॅलरीत उभी राहून रस्त्याकडे बघत होती, विचारले तर म्हणाली, "कुठे काय!"

१७ मार्च, सोमवार

सांगितले. शेवटी सांगितले! "अहो, निर्माल्याबरोबर माझ्याच हातून गेला असेल तो." तीन महिने जीभ टाळ्याला चिकटली होती.

हे म्हणाले, "मी रोज मोजून ठेवतो. त्या दिवशीही पाच म्हणजे पाच. तू त्याला पाठीशी घालतेस." मी म्हटले, ताम्हणात मोजले की देव्हाऱ्यात? हे उठून गेले. चाळीस वर्षे लेथवर मायक्रॉन मोजलेला माणूस, त्याच्या मोजण्यात चूक कशी होईल!

परस संपत आले. आता बुंधाच उरला. पण सोनचाफ्याला लोखंडी जाळीचा पिंजरा आहे, गुडघ्याच्या वरपर्यंत, मातीत रोवलेला. यंत्र जवळ नेले की घर्र घर्र. आत हात घातला तर मुळ्यांपलीकडे बोटे जात नाहीत.

२३ मार्च, रविवार

काय लिहू! सकाळी नऊला गोविंदभाऊजी दारात. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात रुमालाची पुरचुंडी. सरळ देव्हाऱ्यापाशी गेले, पुरचुंडी सोडली. खंडोबा!

"दादा, मीच नेला होता. बुद्धी फिरली. उजळून आणलाय. माफ करा."

हे खुर्चीत बसून होते, ते उठलेच नाहीत. मग म्हणाले, "कबूल केलंस, संपलं. पत्रिकेत नाव घालतो." अवंती काकांच्या गळ्यात पडून रडली. मी चहा टाकला, तर साखरेऐवजी मीठ घातले. भाऊजी तो तसाच पिऊन गेले. जाताना माझ्याकडे बघितले नाही.

दुपारी हे फोनवर, मोठ्या वन्संशी — "कबूल केलं त्यानं. हो हो, स्वतःच्या तोंडानं. मी म्हणतच होतो." संध्याकाळपर्यंत पुण्याच्या मामेसासऱ्यांचाही फोन येऊन गेला. आता सगळ्या भावकीत भाऊजी टाक चोरणारे.

२४ मार्च, सोमवार

तो टाक हातात घेऊन बघितला. घोडा आहे, म्हाळसा आहे, सगळे आहे. पण आमच्या देवाचा चेहरा चार पिढ्यांच्या बोटांनी गुळगुळीत झाला होता, नाकाचा नुसता अंदाज. ह्याला नाक आहे! चकचकीत, धारदार. मागच्या खळग्यांत काजळी नाही, हळदीचा पिवळा कण नाही. उजळल्याने मळ जातो, गेलेले नाक परत येते का?

ह्यांना दाखवला. "सोनाराने ठोकून नीट केला असेल," म्हणाले. "आता तरी ते खणणे बस कर, लग्नघर आहे."

यंत्राला विचारून काय उपयोग? चकती फिरवली — टिंग. चांदी म्हणजे चांदी. कालची की शंभर वर्षांची, ते त्याला कळत नाही. अवंतीला बाजूला घेतले. खोदून खोदून विचारल्यावर एवढेच म्हणाली, "मी काकांना फोन केला होता. म्हटलं, तुमच्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. बाकी मला माहीत नाही, आई."

बस करणार नाही. मुळीच नाही.

२७ मार्च, गुरुवार

मकरपुऱ्याहून वेल्डरला बोलावले. "बेन, झाड सारु छे ने, पिंजरो केम कापवो छे?" म्हटले, का ते विचारू नकोस, काप तू. ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या, हे खिडकी धाडकन लावून आत गेले. पिंजरा दोन तुकड्यांत निघाला, पाय मातीतून उपटून काढले, भुसभुशीत काळी माती मोकळी झाली. लोखंडाचा एक कण राहू दिला नाही, चुंबक फिरवून वेचले. तोवर अंधारून आले. वाटले कंदील लावून बसावे. पण घाईत फावडे लागले तर पत्रा कापला जाईल. आवरले स्वतःला.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी सात. बुंध्याच्या उगवतीकडे, दोन मुळ्यांच्या मधे — टिंग. फावडे घेतले नाही, जेवणाच्या चमच्याने खणले. चार बोटांवर, आडवा. काळा पडलेला. नाक नाही.

तसाच मातीचा तळहात घेऊन देवघरात गेले. हे पूजेला बसले होते, मोजत होते, पाचावर आले होते. मी त्यांच्यासमोर सहावा ठेवला.

ह्यांनी दोन्ही खंडोबा शेजारी शेजारी ठेवून चेहऱ्यांवरून बोट फिरवले. मग पूजा अर्धी टाकून उठले आणि म्हणाले, "स्कूटरची किल्ली दे. गोविंद कामावर जायच्या आत पोचायला हवं."