बर्फातलं भोक

ग्लेन साहेब,

काल सुट्टीच्या दिवशी तुमचा फोन आला, तेव्हा मी गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून बसले होते. घाईघाईत हातमोजा न काढताच फोन उचलायला गेले आणि तो सटकून थेट भोकात!

शेजारी बसलेला माझा नवरा आर्विड शांतपणे म्हणाला, "आता तुझ्या साहेबांना मासेच उत्तर देतील."

मी इतकी हसले की गळाला लागलेला मासाही सुटला. मग अंधार पडेपर्यंत आम्ही नुसत्या गप्पा मारल्या. किती महिन्यांनी!

नवा फोन आजच घेता आला असता. घेतला नाही. हे पत्रही पाठवणार नाही. आज रविवार आहे, आणि तुम्हाला पत्र पाठवणं म्हणजे पुन्हा ऑफिसचंच काम.

आपली,
मार्लिस