वन्संच्या खिडकीखालची कबर

वन्सं,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देईल तितका). तुमचा दमा, तुमचा डोळा आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, तिन्ही तुमच्या ताब्यात असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला. रागावला असाल, आणि कुणीही रागावेल. जावईबापूंनी ऐन चहाच्या वेळी फोन करून तुमच्या खिडकीखाली जमीन किती लांब-रुंद आहे, खणायला कठीण आहे का, असं विचारावं, आणि का म्हणून विचारलंत तर घसा खाकरून 'बाबांची शेवटची इच्छा आहे' असं सांगावं, हे काही बरं झालं नाही. पण त्यात त्यांचा दोष नाही (विमा कंपनीत आहेत, माणूस जिवंत असतानाच पुढचं बघायची सवय लागली आहे). आम्हा सगळ्यांचाच तसा समज झाला होता. तेव्हा आता पहिल्यापासून सांगते. पत्र मध्येच फाडू नका, कारण तुमचे बंधू ठणठणीत आहेत हे शेवटी येणार आहे. बघा, आधीच सांगून टाकलं.

हे फुलबाजारात लिलाव पुकारायचे तेव्हा पार दुसऱ्या टोकाला टोपल्यांना टेकून डुलक्या घेणारे हमाल दचकून उठायचे, हे तुम्ही पाहिलेलंच आहे. घरातही तोच आवाज. ह्यांनी पाणी मागितलं की शेजारीण तांब्या घेऊन दारात. (लग्नानंतरचं पहिलं वर्ष मला वाटायचं हे सारखे रागावलेले असतात. मग एकदा खरंच रागावले आणि अगदी हळू बोलले, तेव्हा उलगडा झाला.) अशा माणसाचा झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला आणि त्यासोबत बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून 'हं' पलीकडे काही निघत नाही. घर इतकं शांत झालं, वन्सं, की फ्रिज सुरू झाला तरी मला कुणीतरी आल्यासारखं वाटायचं.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं, डाव्या हाताने लिहू द्या. लेकीने लगेच टॅब आणला आणि त्यात टिपणं लिहायचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. अशी वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. काचेला बोट टेकवलं की अक्षर उमटतं. काना म्हणा, वेलांटी म्हणा, आपली जागा शोधून बसते. अर्ध्या अक्षराला दुसरं अक्षर असं चिकटतं की सांधा दिसत नाही (आमच्या नळाचं काम करणाऱ्याला हे दाखवायला हवं). मी नुसती बघत बसायचे. हे मात्र बरेच दिवस काचेला शिवायलाही तयार नव्हते. एका बोटाने लिहिणं म्हणजे त्यांना कानात कुजबुजल्यासारखं वाटत असावं.

मग एका दुपारी जेवता जेवता ह्यांनी ताट बाजूला सारलं, टॅब ओढला आणि एक बोट उगारून काचेशी बराच वेळ भांडले. मी वाकून बघते तर पडदाभर, दुकानाच्या पाटीवर असतात तशी ठसठशीत अक्षरं: 'ळणी'. आता 'ळ'ने सुरू होणारा शब्द मला तरी ठाऊक नाही. मी चाळणी आणली. मान हलली. गाळणी आणली. मान आणखी जोरात हलली. शेवटी ह्यांनी भाजीकडे बोट केलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अळणी! झालं होतं असं, की अक्षरांच्या वरच्या पट्टीत एक मोठा 'अ' असतो. तो अ म्हणजे अ नव्हेच. तो दाबला की ओळ मथळ्यासारखी मोठी होते. ह्यांनी अ म्हणून तोच दाबला. अ आला नाही, पण राहिलेला शब्द चौपट झाला. वन्सं, इतके महिने मुका असलेला माणूस पहिला शब्द बोलला तो माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला, आणि मी हातातली गाळणी तोंडावर धरून रडले. अक्षरं केवढी होती म्हणून सांगू. ते लिहिणं नव्हतंच, ती हाक होती. भिंतीपलीकडे ऐकू गेली असेल असं मला क्षणभर वाटलं. (मीठ वाढवलेलं नाही. डॉक्टरांचा हुकूम आहे.)

त्यानंतर ह्यांनी लिहिण्याचा सपाटा लावला आणि त्यातूनच पुढचं रामायण घडलं. मागच्या रविवारी लेक-जावई आले होते. ह्यांनी टॅब आमच्यापुढे सरकवला. मोठ्या अक्षरांत तीन ओळी, प्रत्येक ओळीच्या तोंडाशी काळी गोळी, ऑफिसच्या कागदात मुद्दे मांडतात तशी. पहिली ओळ, 'चिता नको'. दुसरी, 'कबर'. तिसरी, 'ताईच्या घरी खिडकीखाली'.

लेक उठून गॅलरीत गेली. जावईबापूंनी चष्मा पुसला आणि इतकं मुद्देसूद लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार, असं हळूच म्हणाले. मलाही तेच वाटलं. त्या गोळ्यांनी घात केला, वन्सं. नुसतं लिहिलं असतं तर मी दोन प्रश्न विचारले असते, पण गोळी लागलेल्या वाक्याला प्रश्न विचारायचा धीर होत नाही. जावईबापू तुम्हाला फोन करायला बाहेर गेले आणि मी ह्यांच्या शेजारी बसले.

"मी काही कमी केलं का?" मी विचारलं. "इतक्यात जायची तयारी का?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पूर्वी कोमेजलेल्या शेवंतीला चढा भाव मागणाऱ्याकडे बघायचे. मग पडद्यावरच्या काळ्या गोळीवर बोट टेकवून ते 'क'च्या डोक्याकडे ओढू लागले. गोळी हलेना. पुन्हा ओढलं. मी आपली डोळे पुसतेय. शेवटी त्यांनी औषधांचा डबा पुढ्यात घेतला, रक्त पातळ करायची ती बारीक तांबडी गोळी डाव्या हाताने कशीबशी चिमटीत धरली आणि टेबलावर आडव्या ठेवलेल्या टॅबवर, बरोब्बर 'क'च्या डोक्यावर नेऊन ठेवली.

कंबर.

दुसरी गोळी 'चि'वर. चिंता नको.

मी बघतच राहिले. त्या पट्टीत एक काळं टिंब असतं. ते अनुस्वाराचं नव्हे, गोळ्या मांडायचं. हे बिचारे तेच दाबत होते आणि डोक्यावरचं टिंब ओळीच्या पायरीशी जाऊन बसत होतं. चिंता करू नका, फक्त कंबर दुखते आहे, एवढंच सांगायचं होतं! काचेवर दोन तांबड्या गोळ्या होत्या, आणि माझ्या नवऱ्याला चितेवरून खाली उतरवायला तेवढ्या पुरल्या. मी देवळात उभं राहावं तशी उठून उभी राहिले. मग ह्यांना हसू फुटलं. बिनशब्दांचं, पण आवाज तोच, लिलावातला. लेक गॅलरीतून धावत आत आली. बाहेरून जावईबापू जमीन मऊ आहे का विचारत असल्याचं ऐकू येत होतं. मी हाक मारेपर्यंत तुम्ही फोन आपटला होता.

राग सोडा. जावईबापूंनी माफी मागितली आहे आणि तुमचं नाव निघालं की ते उभे राहतात.

तुमची,
भावजय

ता. क. तिसरी ओळ राहिली. तिच्यात टिंब हरवलेलं नाही (तिची गोळी वरच्या ओळींमागून आपोआप आली), ती जशीच्या तशी खरी आहे. तुमच्या घरी खिडकीखाली जी लाकडी खाट आहे, फळीची, गादीविना झोपायची, ती ह्यांच्या कंबरेला हवी आहे. तुम्ही तिच्यावरच झोपता हे मला माहीत आहे, म्हणून तर इतकं लांब पत्र लिहिलं. टेम्पो आम्ही पाठवू.

ता. क. दुसरा. पत्र ह्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं, टॅब ओढला आणि पडदाभर अक्षरांत लिहिलं, ते उतरवून देते: 'खाट नको. ताई हवी.' वन्सं, मी दोनदा तपासलं. ह्यात टिंब लागणारा एकही शब्द नाही.