भीती कोणत्या कक्षात आढळली?

ती. गुणाबाईस,

हेमराजचा नमस्कार. तुझे गुडघे आता काय म्हणतात? गडचिरोलीच्या दवाखान्यातली गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, यावरून तुझं आणि भाऊजींचं भांडण मिटलं असेल, असं धरून चालतो. मी बरा आहे. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. त्याचं कारण खाली येतंच आहे.

होळीनंतर मोहफुलांच्या दिवसांत माझ्या गस्तीच्या जंगलात, म्हणजे बीटमध्ये, अस्वल अंगावर आलं, हे तुला माहीत आहे. (मी झाडावर चढलो. अस्वलालाही झाडावर चढता येतं, हे वर पोचल्यावर आठवलं. त्याने एकदा वर पाहिलं आणि ते पुन्हा मोह खायला लागलं.) ओरखडाही आला नाही, पण झोप गेली. म्हणून आमच्या सुनिल साहेबांनी मला चंद्रपूरला मानसिक आरोग्याच्या शिबिराला पाठवलं. तिथे नीलिमा मॅडमनी सांगितलं, की डायरी लिहिण्यावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. काही लोकांना मनातलं दुखणं लिहायला लावतात, काहींना नुसतं दिवसभरात काय केलं ते. (हे दुसरं काम मी नोकरीला लागल्यापासून करतो आहे.) पहिल्यांना काही आठवड्यांनी जरा बरं वाटतं. फायदा सरासरीने थोडाच, सगळ्यांना होतो असंही नाही, लिहिल्या लिहिल्या उलट जास्त वाईट वाटू शकतं, आणि झोपच उडाली असेल तर डॉक्टरही गाठावा. इतकं खरं सांगणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली, म्हणून लिहायला बसलो.

पण हाताची सवय जाते कुठे? पहिल्या दिवशी कागदावर उतरलं ते असं : 'सकाळी गस्तीदरम्यान भीती आढळून आली. पाठलाग केला असता पसार झाली.' त्यात आणखी घोळ म्हणजे तो कागद महिन्याच्या बीट डायरीत अडकून सुनिल साहेबांकडे गेला. साहेबांनी लाल पेनाने शेरा मारून परत पाठवला : 'भीती कोणत्या कक्षात आढळली, ते नमूद करावे.' (जंगलाचे नंबर टाकून जे तुकडे पाडतात, त्यांना आम्ही कक्ष म्हणतो.) वरिष्ठांनी विचारलं की खुलासा द्यावा लागतो. तो लिहिता लिहिता माझ्या हातून प्रथमच खरं लिहिलं गेलं, की अस्वल कक्षात होतं, भीती मात्र क्वार्टरवर असते, मी दाराला कडी लावली की येते.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. वाटलं, आता मेमो मिळणार. त्यांनी दार लोटलं आणि हळूच विचारलं, "हेमराज, मले बी असंच होते. लिहून खरंच कमी होते का रे?"

मी मॅडमचं ऐकलेलं तेच सांगितलं, की थोडं होतं. साहेब म्हणाले, थोडं बी चालते, आणि वही कुठी भेटते ते विचारून घेतलं. शेरा मात्र त्यांनी खोडला नाही.

भाऊजींना नमस्कार, चंचलला आशीर्वाद.

तुझा,
हेमराज

ता. क. : लिहिलेलं कोणाला दाखवलंच पाहिजे असं नाही, असं मॅडम म्हणाल्या. तेव्हा हे पत्र भाऊजींना दाखवू नको. (चष्मा सापडत नाही म्हणून तू त्यांच्याकडूनच वाचून घेत असशील, तर भाऊजी, पुढचं जरा हळू वाचा.)

आणखी ता. क. : सोमवारपासून पुन्हा त्याच कक्षात गस्त आहे. वनमजूर कोलू सोबत असतो, त्यामुळे दिवसाची काळजी नाही. संध्याकाळी परत आल्यावर कोणी नसतं. डॉक्टरकडेही जाईन. पण बाई, तू चार दिवस येऊन राह्य. वही सारं ऐकून घेते, पण 'मंग?' म्हणत नाई.