दोन टोपल्यांचे वाण

नगर,
१८ जानेवारी १९७१

ती. सौ. आईस, तब्येतीने ठीक असलेल्या कुमुदचा नमस्कार.

काल जे घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. आमच्या साहेबांच्या बंगल्यावर संक्रांतीचे हळदीकुंकू होते.
२. वाणाच्या दोन टोपल्या होत्या. एकीत स्टीलच्या वाट्या, दुसरीत प्लॅस्टिकच्या साबणदाण्या.
३. मी ऑफिसात नकाशे काढते, म्हणून मला वाटी मिळाली.
४. शिपायाची बायको चांगुणा हिने वाटीसाठी पदर पसरला, तेव्हा साहेबांच्या पत्नीने टोपली मागे ओढली. म्हणाल्या, "तुमची ती पलीकडची गं."

चांगुणा म्हणाली, "बाईसाहेब, वानात बी ग्रेड असत्यात व्हय? मग कुकू तरी एकाच करंड्यातलं का लावलं?"

बायका हसल्या. मी हसले नाही, पण वाटीही परत केली नाही. उलट ती हातात पडली तेव्हा मला बरे वाटले होते. त्याचाच धक्का अजून ओसरलेला नाही.

रथसप्तमीला माझे लग्नानंतरचे पहिले हळदीकुंकू आहे. सासूबाई म्हणतात, "स्टीलच लुटायचं, कॉलनीत नाव राहिलं पाहिजे." त्यासाठी तू तांब्याचे घंगाळ मोडीत देऊन वाट्या पाठवणार आहेस, असे दादाने लिहिले आहे. ते देऊ नकोस. मी सगळ्यांना तीळगूळ आणि बोरे देईन. सासूबाईंना मीच सांगेन. अजून सांगितलेले नाही.

तुझे गुडघे थंडीत दुखतात का? बाबा मफलर वापरतात ना?

घंगाळ घरात आहे की गेले, एवढे मला २५ तारखेपर्यंत कळव.

तुझी,
कुमुद