मोहाच्या दिवसांतली घंटा

कोसमटोला, ता. गोंदिया, जि. भंडारा
रविवार, ७ एप्रिल १९५७

सौ. शकुंतलावहिनींस,

सुमित्राचा नमस्कार. तुमचं अंगदुखणं कमी झालं असेल, गोपीचंदभाऊंच्या घरी सगळे बरे असतील, असं धरून चालते. नावाआधी 'सौ.' मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. इथं काही माणसं ते पुसायला निघाली होती. त्याचं पुढं सांगते.

चंदे, आईला तूच वाचून दाखवत असशील ना? मग सावकाश वाच. तुला वाचायला मी शिकवलं खरं, पण गाडीचे बैल पळावे तशी पळतेस आणि स्वल्पविराम गिळून टाकतेस. गोंदियाच्या मोठ्या शाळेत जातेस म्हणून जुन्या बाईचं ऐकायचं नाही असं नाही.

शाळेची बातमी अशी की मुली आता सत्तावीस झाल्या. मी आले त्या साली अकरा होत्या. उरलेल्यांच्या आयांशी भांडून भांडून माझा गळा बसला आहे. होळीला पोरांनी पळसाच्या फुलांचा रंग शाळेच्याच घमेल्यात उकळला. घमेलं अजून केशरी आहे आणि त्यात कालवलेला चुनाही केशरी झाला, म्हणून शाळेची एक भिंत आता लग्नघरासारखी दिसते. डिप्टी साहेब तपासणीला येतील तेव्हा काय सांगू? राज्य बदललं, आपण आता मुंबईचे झालो, पण छपराचे कवेलू अजून तेच आणि गळतीही तीच. तलावाचं पाणी खाली गेलं, परवा सगळ्या गावानं मिळून मासोळ्या धरल्या. चौथीचा वर्ग अख्खा चिखलात. मी काठावर उभी राहून ओरडत होते आणि ते मला हात हलवून दाखवत होते. चौथीची परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, सांगा आता!

मोह गळायला लागला आहे. घराघराचं माणूस आपापल्या झाडाखाली फुलं वेचतं. शाळा मी नऊला भरवते. मागच्या साली डिप्टी साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'शाळा वेळेवर भरत नाही, शिक्षिकेस ताकीद.' ताकीद घेतली आणि पेटीत ठेवली. घंटा नऊलाच.

एक सांगायचं नव्हतं, पण लिहिते. नवीन हजेरीपुस्तकात नावं मीच लिहिते, त्यात चूक नसते. तरी नावं वाचताना सातव्या नंबराशी आले की माझी जीभ आपोआप 'नंदा केवळराम' म्हणते. पहिल्या साली पोरं गप्प बसायची. आता पहिलीतली पोरं, ज्यांनी तिला पाहिलंसुद्धा नाही, एका सुरात म्हणतात, "नाई आली, बाई." त्यांना वाटतं हा हजेरीचाच भाग आहे. मी पुढचं नाव घेते. दुसरं काय करू?

तुमच्या घरची बातमी सांगते. धुरपताबाईंनी लेकासाठी, केवळरामभाऊंसाठी, दुसरी मुलगी पाहिली. आमगावकडची आहे, तीस वर्षांची, पहिला नवरा गेलेला. अक्षय तृतीयेनंतर लग्न लावायचं ठरलं होतं. मी म्हटलं, "पहिली बायको जिवंत असताना दुसरी करायची नाही असा कायदा झालाय." तर तुमच्या सासूबाई म्हणतात, "सरकार का आमच्या घरी भात रांधाले येते?" आणि वर तेच, चार वर्षं जे म्हणतात ते, "ज्या मायनं मोहफुलापायी पोट्टी अंधारात अस्वलाच्या तोंडी देली, तिले का घरात घेऊ?"

वहिनी, हे वाक्य मी चार वर्षं ऐकलं. तुमच्याच ओसरीवरच्या खोलीत राहून, तुमच्याच माठातलं पाणी पिऊन ऐकलं. दोन-दोन ओळींची चार पत्रं तुम्हाला पाठवली, आणि प्रत्येक उत्तरात तुम्ही विचारलंत, 'बाई, तुम्ही वेळेवर जेवता का.' ती ओळ आली की मी पत्र घडी घालून ठेवत असे. पुढचं वाचवत नसे.

चंदे, आता इथं थांब. हे पत्र मामाच्या हातात दे आणि तू बाहेर जा. बाईची आज्ञा समज. पुढचं तू वाचायचं नाही.

गोपीचंदभाऊ, आता तुम्ही वाचता आहात. तुम्ही तापट आहात हे मला ठाऊक आहे. कागद फाडायचा असेल तर शेवटचा शब्द वाचून झाल्यावर फाडा. बहिणीला सगळं ऐकू द्या.

वहिनी, त्या साली मी नवीन होते. भंडाऱ्याहून ट्रेनिंग करून आलेली, डोक्यात नियम ठासून भरलेले. डिप्टी साहेबांची माझी पहिली तपासणी आठवड्यावर आली होती आणि मोह गळायला लागल्याबरोबर शाळा ओस पडली. बकाराम कोतवाल मला सांगायला आला, "बाई, मोहाच्या दिवसात घंटा उशिरा वाजवा लागते. उजाडेपर्यंत झाडाखाली अस्वल रायते. दिवस निंगाल्यावर पोट्टे जातेत, येचतेत, मंग शाळेत येतेत. पयलेपासून असंच हाय."

मी हसले. म्हटलं, "अस्वलाला काय घड्याळ कळतं?" आणि दुसऱ्या दिवसापासून सातला घंटा लावली. उशिरा येईल त्यानं दारात उभं राहायचं, आणि साहेब आले की त्याचं नाव त्यांच्यासमोर वाचायचं. बाकीच्या आयांनी सरळ पोरं शाळेत धाडणं बंद केलं. त्या शहाण्या होत्या. तुम्ही धाडत राहिलात, कारण मी तुमच्या घरात राहत होते, आणि तुम्हाला माझा मान राखायचा होता.

तेव्हा तुमच्या पायाला गळू झालं होतं, झाडापर्यंत जाववत नव्हतं. आदल्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "नंदे, उद्या मोह येचून आनजो." तुम्ही एवढंच म्हणालात. मी ओसरीवरून ऐकलं. रोज पोरं जातात तसं, दिवस निघाल्यावर, हेच तुमच्या मनात होतं. घंटा सातची झाली हे त्या घटकेला तुमच्या लक्षात आलं नाही. मीही आठवण दिली नाही.

आणि आता जे तिकडे तुम्हाला कुणालाच अजून माहीत नाही ते.

पहाटे नंदा माझ्या दाराशी आली. चांगला अंधार होता. टोपली दाराला लागली तेव्हा मला जाग आली. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, उजाडल्यावर गेली तं घंटेले उशीर होते. आत्ताच जाऊ का?"

वहिनी, ती पोर घाबरली होती. घाबरली नसती तर विचारायला आलीच नसती, तडक गेली असती. मोठ्या माणसानं 'नको' म्हणावं म्हणून ती आली होती. तुम्हाला उठवलं नाही, कारण तुम्हाला रात्रभर ठणका होता. माझ्याकडे आली, कारण मी बाई. आणि मी पांघरुणातून तोंडसुद्धा बाहेर काढलं नाही. म्हटलं, "जा. पण सातच्या आत ये."

ती "हो जी" म्हणाली आणि गेली.

सातला मी घंटा वाजवली. हजेरी घेतली. तिच्या नावापुढं तांबड्या शाईनं 'गैरहजर' लिहिलं, आणि रागानं लिहिलं. शाई वाळायच्या आत रानाकडून ओरडा आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तिला घेऊन गाडी गोंदियाच्या दवाखान्याच्या वाटेला लागली आणि नाल्यापाशीच परत फिरली.

अंगणात तुम्ही छाती पिटून म्हणत होतात, "मीच सांगतलं होतं तिले, मीच सांगतलं." गावानं तेवढंच धरलं. केवळरामभाऊंनी सगळ्यांसमोर तुमच्यावर हात उचलला. मी खांबाला धरून उभी होते. एका वाक्याचं काम होतं. मी बोलले नाही. नोकरी जाईल, गाव मला मारील, ही भीती. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. मग तुम्ही चंदाला घेऊन भावाकडे गेलात. गोंदियात विड्या वळून पोट भरता, आणि मी इथं मुलांना 'खरे बोलावे' हा कित्ता गिरवायला देते.

मोहाचा वास सुटला की पहाटे माझं दार हलतं. कुणी म्हणो वारा आहे. मला आवाज येतो, "बाई, जाऊ का?" मी उठून दार उघडते, "नको, थांब!" म्हणून ओरडते. ओसरीवर कुणी नसतं. धुरपताबाईंनी माझ्यावरून एकदा लिंबूसुद्धा उतरवलं. म्हणाल्या, "बाईले रानातलं लागलं." त्यांना काय सांगणार, की मला तुमच्याच घरातलं लागलं आहे!

लग्नाची सुपारी फुटायची वेळ आली तेव्हा मात्र मला राहवलं नाही. गेल्या आठवड्यात पाडव्याला शाळेत पाटीपूजन होतं. आयाबाया पोरांना घेऊन आल्या होत्या, पुरुषही बाहेर चिंचेखाली बसले होते. पाट्यांवर सरस्वती काढून झाली, हळदकुंकू झालं. मी उभी राहिले आणि वर तुम्हाला लिहिलं ते सगळं मोठ्यानं सांगितलं.  कुणी ओरडलं नाही. बकारामनं मान खाली घातली. धुरपताबाई म्हणाल्या, "आता सांगून का पोट्टी उठून येते?" आणि गेल्या. त्यांचं खरं आहे.

त्याच दुपारी मी तुमच्या घरातून माझी पेटी हलवली. शाळेच्या सामानाच्या खोलीत राहते. चार मुली तेव्हापासून शाळेत आलेल्या नाहीत. त्यांच्या आयांशी भांडायला मी गेले नाही.

केवळरामभाऊ गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आले, दाराबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "बाई, चार साल तुमी आमच्या घरचं पानी पेल्या." मी म्हटलं, "हो, प्यायले."  नंतर म्हणाले, "चंदाची माय म्हनत होती मले, मी अंधारात नाई धाडली जी. मी आयकलंच नाई. लेक गेली त्याच दिवशी मी तिले मारलं, बाई." आणि तिथंच पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडले. पोरं खिडकीतून बघत होती. मी त्यांना हाकललं नाही.

सुपारी त्यांनी परत पाठवली. धुरपताबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवल्या. मग भाऊ माझ्याकडे कागद घेऊन आले, "तिले एक पत्र लिहून द्या, म्हनावं घरी ये." मी नाही म्हटलं. त्यांना सांगितलं, "तुमची माफी माझ्या अक्षरात जायची नाही, गोंदियाला जा आणि तोंडानं बोला." ते म्हणाले, "कोनतं तोंड घेऊन जाऊ?" मी म्हटलं, "ज्या तोंडानं शिव्या दिल्या होत्या, तेच." बोलून झाल्यावर वाटलं, मला हे बोलायचा अधिकार काय? पण बोलले.

येत्या गुरुवारी ते बैलगाडी घेऊन तुमच्याकडे येताहेत. त्यांच्याबरोबर या, असं मी म्हणणार नाही. चार वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, आणि दार उघडायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. या गावात तुमच्या नावानं कुणी काही बोलणार नाही, एवढं मी पाहीन. तुम्ही आलात आणि रोज शाळेच्या वाटेवर माझं तोंड पाहणं तुम्हाला सोसलं नाही, तर चंदाकडून 'जा' एवढंच लिहून पाठवा. त्याच दिवशी बदलीचा अर्ज देईन. स्वतःहून दिलेला नाही. पळून गेल्यासारखं होईल, आणि पळणं मी चार वर्षं केलं.

माफ करा असं लिहून खोडलं. तुम्ही मायेच्या आहात, कराल, आणि मग मला ती माफी घेऊन जगावं लागेल. तूर्त नका करू. आधी रागवा, वहिनी. कधीतरी माझ्यावर रागवा.

चंदाला हे कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण सांगा. तिची बहीण आईच्या सांगण्यावरून अंधारात गेली नव्हती, हे तिला कळलं पाहिजे.

तुमच्या नंदाला 'जा' म्हणणारी,
सुमित्रा