न्यायला कोण येणार

भंडारा
६ जुलै २००३

श्री. अंकुशराव यांस,
करुणाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाडीला माहेरी येऊन आठवडा झाला. आई सारखी खाऊ घालते आणि वर म्हणते की मोहाडीच्या पाण्याने पोरगी वाळली. बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की आमचे जावई करवती काठाची साडी अशी विणतात की काठाचा जोड नखाला लागत नाही. मी हसते आणि उठून आत जाते.

त्या दिवशी मागावर तुमच्या शेजारी बसून फेकताना काठाच्या सुताचा धोटा माझ्या हातून उशिरा गेला. तुम्ही काही बोलला नाहीत. मागाच्या खड्ड्यातून उठून मागच्या अंगणात गेलात, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या जागी सासूबाई बसू लागल्या. मी रोज विचारत गेले की राग आला का. तुम्ही रोज थोडं कमी बोलत गेलात, आणि शेवटी मागाच्या खोलीतच निजायला लागलात. तुम्ही गप्प झालात की माझे हात गार पडतात. मग मी परत विचारते. वाईट खोड आहे, पण सुटत नाही.

तुमचे बाबा पौषात गेले. वर्षाच्या आत लग्न उरकलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून वैशाखात आपलं घाईने झालं. तुम्हाला ते खरंच करायचं होतं का? बाबांनी शाळेच्या आधी मला घरीच अक्षरं शिकवली, तेव्हा सांगितलं होतं की कागदावर खोटं उतरवू नये. तुम्हीही उतरवू नका.

सासूबाईंना नमस्कार. मनात माझी जागा असेल तर ती राखावी.

आपली,
करुणा

मोहाडी
१२ जुलै

सौ. करुणास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आई बरी आहे. तू विचारलं ते कार्डावर लिहिण्यासारखं नाही, आपला पोस्टमन वाचत वाचत येते. जिवतीच्या आधी, वीस तारखेला रविवारी तुला न्यायला येतो. तुझ्या बाबांना सांगून ठेव. वडीलधाऱ्यांना नमस्कार, तुझी याद आहे.

अंकुश

भंडारा
२१ जुलै

श्री. अंकुशराव यांस,
नमस्कार वि. वि.

काल तुम्ही आला नाहीत. आईने पाटोडीचा रस्सा केला होता. बाबा दोनदा स्टँडवर जाऊन आले. आज सकाळी शेजारच्या रंभाबाई आल्या आणि म्हणाल्या की तुमचे जावई मले वरठीले दिसले, नवा सदरा, हातात पेढ्याचा डबा. भंडाऱ्याच्या गाडीतून उतरले, स्टँडवर बसले आणि मोहाडीच्या गाडीत चढून वापस गेले.

म्हणजे तुम्ही निघालात, अर्ध्या वाटेत आलात आणि माझ्याकडे यायचं नाही असं ठरवलंत. न निघता घरीच बसला असता तर मला इतकं लागलं नसतं.

बाबांनी रंभाबाईंसमोरच सांगून टाकलं की आता सासरचं माणूस दारात येऊन मान देईल तेव्हाच पोरगी जाईल, एकटी पाठवली तर लोक म्हणतील टाकून दिली. तुमच्या साड्या यापुढे घ्यायच्या की नाहीत तेही पाहू म्हणाले. काय बोलू? मला काही माहीतच नाही.

तुम्हाला मी नको असेन तर तसं लिहा. वाट पाहायला लावू नका. काल दिवसभर फाटकाची कडी वाजली की मी उठत होते.

सासूबाईंच्या तब्येतीचं कळवावं. माझ्याबद्दल राग असला तर तोही कळवावा.

करुणा

मोहाडी
२४ जुलै

सौ. करुणास,

आशीर्वाद वगैरे राहू दे. या वेळी पाकीट घेतलं आहे, सगळं लिहितो.

मी तुलाच न्यायला निघालो होतो. वरठी येता येता छाती धडधडायला लागली, हातापायाला मुंग्या आल्या, श्वास घशातच अडकला. वाटलं, बाबासारखा मी बी चाललो. कंडक्टरले घंटी मारायले लावली. खाली बसलो तर थोड्या वेळात सगळं उतरलं. पण पुढच्या गाडीत पाय टाकायची हिंमत झाली नाही. वापस जाणारी गाडीही गाडीच होती, पण ती घराकडे जात होती म्हणून चढलो. ही शरम मले लिहिता येते, बोलता नसती आली.

बाबा विणता विणता मागाच्या खड्ड्यातच गेले. मी बाजूला बसून काठाचा धोटा फेकत होतो. माझा धोटा पलीकडे गेला, त्याइचा आलाच नाही. आता मी त्याइच्या जागी बसतो आणि माझ्या जागी तू. त्या दिवशी तुझा धोटा उशिरा नव्हता गेला. मीच थांबलो होतो.

जूनमध्ये कोणाला न सांगता भंडाऱ्याला जाऊन छातीची पट्टी, ईसीजी म्हणतात ती, काढली. डॉक्टर म्हणाले, दिल चांगलं आहे, ही घबराहट आहे, बाबा गेले तेव्हाची भीती अंगातून गेली नाही. गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं. मी गेलो नाही.

आईला तुझ्या जागी बसवलं कारण आई काठाकडे पाहते. तू माझ्या तोंडाकडे पाहते. तू काय झालं विचारलं की धडधड दुप्पट होते. तुला वाईट वाटेल, पण खोटं लिहू नको म्हणालीस. तू जितकी काळजी करते, तितकं मले उठून पळावं वाटते. राग एका दिवसाचाही नाही.

लग्नाची घाई बाबांच्या जाण्याने झाली. पसंती त्याआधीची. दिवाळीत साड्या द्यायला तुमच्या दुकानात आलो, तेव्हा तू साडी उलटी करून काठाची मागची बाजू पाहत होतीस. घरी येऊन बाबाले सांगितलं होतं की पोरगी पाहायची असेल तर ही पाहा.

तुझ्या बाबांना यातलं काही सांगू नको. ज्याचे हात कापतात त्या विणकराले कोण काम देते?

तू येशील की नाही ते तुझ्यावर. मी वाट पाहून राहिलो.

अंकुश

भंडारा
२६ जुलै

श्री. अंकुशराव यांस,
करुणाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र न्हाणीघरात कडी लावून वाचलं. माझ्या काळजीने तुम्हाला पळावंसं वाटतं, तिथे थांबून रडले. मला वाटायचं, काळजी करणं हा माझ्यातला एकच बरा गुण आहे. मग पुढे वाचलं, आणि दिवाळीच्या ओळीवर पुन्हा रडले. आईने बाहेरून विचारलं की आंघोळ करून राहिली की नदी सोडली.

मी बसून विचार केला. तुम्ही गप्प झालात की माझे हात गार पडतात आणि मी विचारते. मी विचारलं की तुमची छाती धडधडते आणि तुम्ही गप्प होता. भांडायला कारण कोणाकडेच नव्हतं. आपण दोघं नुसते एकमेकांना भिववत बसलो होतो.

बाबांनी पत्रात काय आहे ते विचारलंच. त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, कारण मला कळलं आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते माझं नाही म्हणून सांगणार नाही. ते ताटावरून उठले. संध्याकाळी म्हणाले की कारण काहीही असो, न्यायला कोण येणार तेवढं सांग. मी म्हटलं, कोणी नाही, मीच त्यांना घ्यायला जाते. हे तोंडातून कसं निघालं कोण जाणे, पण आता ते मागे घ्यायचं नाही.

जिवती झाली की बुधवारी सकाळच्या गाडीने मोहाडीला येते. दुसऱ्या दिवशी आपण दोघं त्या डॉक्टरांकडे जाऊ. वाटेत उतरावंसं वाटलं तर उतरू, बसू, मागची गाडी धरू. दुपार झाली तरी चालेल. बाबा अजून धड बोलत नाहीत. पण माझी पिशवी उचलून पाहिली आणि म्हणाले, जड आहे, स्टँडपर्यंत मी आणतो.

एक मात्र आधीच सांगते. मी तुमच्या तोंडाकडे पाहीन आणि विचारीनही. एका पत्राने माझा स्वभाव जायचा नाही. मी विचारलं की तुम्ही एवढंच म्हणायचं, "आता नको, जेवल्यावर सांगतो." तेवढ्यावर मी गप्प बसेन, हात गार पडले तरी. पण जेवल्यावर सांगायचं. ताट उचलेपर्यंत सांगितलं नाहीत तर मी पुन्हा विचारीन, मग तुमची छाती तुम्ही सांभाळा.

सासूबाईंना नमस्कार. जीव लावला आहे तो काढून घेऊ नये, ही विनंती.

तुमची,
करुणा